तारेत डिजिटल काय असतं?

अ‍ॅनालॉग म्हणजे जुनं आणि डिजिटल म्हणजे नवं, असं आपण सहज धरून चालतो. इतिहासात क्रम उलटा दिसतो. तारायंत्र आधीचं, आणि ते डिजिटल. टेलिफोन नंतरचा, १८७६ सालचा, आणि तो अ‍ॅनालॉग. मग फरक नेमका कशात आहे?

आपण १८५८च्या ऑगस्टमध्ये जाऊ. आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी अटलांटिकच्या तळाशी तार टाकली गेली होती. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश जायला सुमारे १६ तास लागले. या टोकाला झटक्यात सोडलेला विजेचा ठोका त्या टोकाला हळूहळू चढत, हळूहळू ओसरत पोचायचा. एकाची शेपटी पुढच्यात मिसळायची. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी त्यासाठी आरशाचं गॅल्व्हानोमीटर केलं. इवलासा आरसा हलला की पट्टीवरचा प्रकाशाचा ठिपका डावीकडे किंवा उजवीकडे सरके. एक बाजू टिंब, दुसरी रेघ.

आता बघा, तारेतला प्रवाह अखंडच होता. त्यात पायऱ्या कुठे होत्या? पण ठिपका किती सरकला हे वाचणारा सोडून देई, कुठल्या बाजूला सरकला एवढंच घेई. डिजिटलपण होतं ते या वाचण्याच्या करारात.

टेलिफोनमध्ये असा करार नाही. तिथे प्रवाहाचा प्रत्येक चढउतार म्हणजे आवाजच. त्यामुळे वाटेत मिसळलेली खरखरही आवाजाचा भाग होऊन बसते, आणि प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर तिलाही मोठं करतो.

१९३७ साली पॅरिसमध्ये काम करणाऱ्या अ‍ॅलेक रीव्ह्ज यांनी यावर तोड काढली. ध्वनिलहरीची उंची ठरावीक क्षणांनी मोजायची आणि तो आकडा ठोक्यांमधून पाठवायचा. वाटेतल्या यंत्रानं ‘ठोका आहे की नाही’ एवढंच ठरवून नवा कोरा ठोका पुढे सोडायचा. खरखर फार नसेल तर तिथेच गळून पडते.

मात्र याची किंमत आहे. टेलिफोनसाठी पुढे सेकंदाला ८,००० मोजमापं आणि २५६ पायऱ्या रूढ झाल्या. दोन पायऱ्यांमधलं जे असेल, ते जवळच्या पायरीवर ढकललं जातं आणि मग परत मिळत नाही.

तेव्हा सिग्नल अ‍ॅनालॉग की डिजिटल, हे नुसत्या तारेकडे बघून कळायचं नाही. कोणते फरक राखायचे आणि कोणते सोडायचे, हे कुणीतरी आधी ठरवलेलं असतं. ते कुणी ठरवलं, हे विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.