पासवर्डची उसनवारी

नेटफ्लिक्सचा पासवर्ड नातलगांत आणि मित्रांत फिरवण्याला सुरुवातीची कित्येक वर्षे कंपनीची फारशी हरकत नव्हती. मार्च 2017 मध्ये तर पासवर्ड वाटणे हेच प्रेम, अशा अर्थाचे ट्वीट तिने स्वतःच केले. ग्राहक वाढत होते तोवर ही दिलदारी परवडली. 2022 च्या पहिल्या तिमाहीत जगभरात सुमारे 2 लाख ग्राहक घटले आणि हिशेब निघाला: 10 कोटींहून अधिक घरे दुसऱ्याच्या खात्यावर फुकट पाहत होती.

त्याच वर्षी मार्चमध्ये चिली, कोस्टा रिका आणि पेरू येथे जादा सदस्यासाठी जादा पैसे घेण्याचा प्रयोग सुरू झाला होता. मे 2023 मध्ये तो नियम अमेरिकेत लागू झाला, जुलैमध्ये भारतात. भारतात मात्र जादा सदस्याची सोय ठेवली नाही. ज्याने त्याने आपले खाते काढावे, एवढेच.

चोरी पकडायची कशी, हा खरा पेच. आयपी पत्ता, उपकरणाची ओळख आणि खात्याचा वापर यांवरून ‘घर’ ठरवले जाते. घराबाहेरच्या टीव्हीवर शंका आली, की खातेदाराच्या ईमेलवर किंवा फोनवर कोड जातो. तो 15 मिनिटांत भरावा लागतो. पुण्यातल्या भाच्याला नागपूरच्या मामाकडून एकदा कोड मिळेलही, पण दर वेळी मागणे जिवावर येते. पद्धतीची मदार बरीचशी या संकोचावरच आहे. 2023 च्या दुसऱ्या तिमाहीत कंपनीचे सुमारे 59 लाख ग्राहक वाढले.