घरातील नेटवर्कची वाहतूक : ती पाहावी कोठे आणि वाचावी कशी

घरातील संगणक, फोन, टीव्ही, कॅमेरे आणि तत्सम जोडलेली उपकरणे इंटरनेटशी सतत जी देवाणघेवाण करीत असतात, तिला नेटवर्कची वाहतूक म्हणतात. ही वाहतूक नोंदवून तिचा अर्थ लावणे म्हणजे निरीक्षण. त्यामागे प्रामुख्याने दोन प्रश्न असतात. जोडणीची क्षमता, म्हणजेच बँडविड्थ, नेमके कोण वापरते? आणि बाहेर जाऊ नये असे काही घराबाहेर जात आहे काय?

घरून काम करण्याची पद्धत रूढ झाल्यापासून या प्रश्नांना व्यावसायिक महत्त्व आले आहे. कार्यालयाचा लॅपटॉप, मुलांचे खेळ, दारावरचा कॅमेरा आणि पुण्या-नागपूरच्या घरी होणारा रोजचा व्हिडिओ कॉल हे सारे एकाच राउटरमधून जाते. त्यांतील एक उपकरण बिघडले वा परक्याच्या ताब्यात गेले, तर त्याची झळ इतरांनाही लागते.

काय दिसते आणि काय दिसत नाही

इंटरनेटवरील माहिती पॅकेट नावाच्या लहान तुकड्यांत विभागून पाठविली जाते. प्रत्येक पॅकेटवर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा आयपी पत्ता आणि पोर्ट क्रमांक असतो; त्याचा आकार आणि जाण्याची वेळही मोजता येते. मात्र आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएस वापरत असल्याने आतील मजकूर सांकेतिक रूपात असतो. बंद लिफाफ्यावरचा पत्ता व शिक्का वाचता यावा, पण पत्र वाचता येऊ नये, अशी ही स्थिती आहे.

संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधणारी डीएनएस व्यवस्था पूर्वापार उघड्या स्वरूपात चालत आली आहे. त्यामुळे कोणत्या उपकरणाने कोणते नाव विचारले, हे राउटरला समजू शकते. २०१८ मध्ये एचटीटीपीएसवरून डीएनएस पाठविण्याचे मानक प्रसिद्ध झाले आणि काही ब्राउझर ते वापरू लागले. तेथे ही खिडकीही अंशतः बंद होते. थोडक्यात, घरगुती निरीक्षण कोण, कोठे, केव्हा आणि किती या चार प्रश्नांची उत्तरे देते. ‘काय’ याचे उत्तर ते सहसा देत नाही, आणि सुरक्षेसाठी त्याची बहुधा गरजही नसते.

निरीक्षणाच्या चार जागा

पहिली जागा राउटर. घराबाहेर जाणारी सर्व वाहतूक येथून जात असल्याने संपूर्ण चित्र येथेच मिळते. अनेक राउटरांच्या व्यवस्थापन-पानावर, ज्याचा पत्ता बऱ्याचदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. काहींवर प्रत्येकाचा वापरही दिसतो. ओपन-डब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चालू शकणाऱ्या राउटरवर उपकरणनिहाय मासिक हिशोब ठेवणारे ‘एनएल-बीडब्ल्यू-मॉन’ बसविता येते. येथे एक पथ्य आहे. इंटरनेट कंपनीच्या राउटरमागे आपला दुसरा राउटर असेल, तर पहिल्याला आतील सारी उपकरणे एकच असल्यासारखी दिसतात. अशा वेळी मोजमाप आतल्या राउटरवरच करावे.

दुसरी जागा प्रत्यक्ष संगणक. कोणत्या उपकरणाने वाहतूक केली हे राउटर सांगतो. त्यातील कोणत्या प्रोग्रॅमने केली हे संगणकच सांगू शकतो. विंडोजमधील रिसोर्स मॉनिटर आणि मॅकमधील अॅक्टिव्हिटी मॉनिटर ही साधने मुळातच उपलब्ध असतात. लिनक्सवर ‘नेटहॉग्ज’ वापरता येते. विंडोजसाठी ग्लासवायर, मॅकसाठी लिटल स्निच किंवा विनामूल्य लुलू ही साधने याच्याही पुढे जातात. एखादा प्रोग्रॅम प्रथमच बाहेर जोडणी करू लागला की ती सूचना देतात.

तिसरी जागा डीएनएस. रास्पबेरी पायसारख्या लहानशा संगणकावर पाय-होल बसवून घरातील सर्व डीएनएस विचारणा त्याच्याकडे वळविता येतात. जाहिराती व पाळत ठेवणाऱ्या ज्ञात नावांना तो उत्तर नाकारतो आणि कोणत्या उपकरणाने काय विचारले याची नोंद ठेवतो. वाहतुकीचे आकारमान मात्र तो मोजत नाही.

चौथी जागा स्वतः पॅकेट. १९९८ मध्ये इथेरियल या नावाने सुरू झालेला आणि २००६ पासून वायरशार्क म्हणून ओळखला जाणारा प्रोग्रॅम प्रत्येक पॅकेट उलगडून दाखवितो. नवशिक्यांचा येथे एक गैरसमज होतो. आपल्या लॅपटॉपवर वायरशार्क सुरू केला म्हणजे घरभरची वाहतूक दिसेल असे नाही, कारण नेटवर्क स्विच प्रत्येक यंत्राकडे सहसा त्याचीच पॅकेटे पाठवितो. इतरांची वाहतूक पाहण्यासाठी राउटरवरच टिपण घ्यावे लागते, किंवा एका पोर्टची प्रत दुसऱ्यावर पाठविणारा स्विच लागतो. सुरिकाटा किंवा स्नॉर्टसारख्या घुसखोरी-शोधक प्रणालींनाही हीच अट लागू आहे.

बँडविड्थचा हिशोब

इंटरनेट कंपन्या वेग बिटमध्ये सांगतात, तर फाइलचा आकार बाइटमध्ये मोजला जातो; एक बाइट म्हणजे आठ बिट. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट उतरतात. हा भेद लक्षात न घेतल्यास जोडणी चांगली असूनही मंद वाटते.

ज्यांच्या योजनेत मासिक मर्यादा आहे, त्यांना साधा गुणाकार उपयोगी पडतो. सेकंदाला २ मेगाबिट या दराने अखंड चित्रण क्लाउडवर पाठविणारा एक कॅमेरा दिवसाला २१.६ गिगाबाइट, म्हणजे तीस दिवसांत सुमारे ६४८ गिगाबाइट पाठवितो. फोर-के चित्रपटाला तासाला ७ गिगाबाइट धरले, तर रोजच्या दोन तासांचे महिन्याला ४२० गिगाबाइट होतात. अमेरिकेतील काही केबल योजनांत १.२ टेराबाइटची मर्यादा दीर्घकाळ राहिली आहे; या दोन सवयींतच ती जवळजवळ संपते.

व्हिडिओ कॉल तुटतो तेव्हा दोष बहुधा डाउनलोडला दिला जातो. केबल जोडणीत अपलोडचा वेग डाउनलोडच्या मानाने बराच कमी असतो. फोनमधील छायाचित्रांचा बॅकअप सुरू झाला की तो अपलोड व्यापून टाकतो, पॅकेटे राउटर वा मोडेममध्ये रांगेत अडकतात आणि बोलणे तुटक होते. वेगाची चाचणी जोडणीची क्षमता सांगते. ती कोणी अडविली हे सांगत नाही. ते निरीक्षणातून कळते. बॅकअप रात्री ठेवणे, किंवा राउटरवर एफक्यू-कोडेल अथवा केक ही रांग-व्यवस्था सुरू करणे, हे अधिक महाग योजना घेण्यापूर्वीचे उपाय होत.

संशय केव्हा घ्यावा

असाधारण ओळखायचे तर साधारण ठाऊक हवे. म्हणून पहिला आठवडा केवळ नोंद घ्यावी : उपकरणे किती, त्यांची नावे काय, रात्री कोण जागे असते, अपलोड कोण करते. प्रत्येक उपकरणाला राउटरवर ओळखीचे नाव द्यावे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वाय-फायसाठी बदललेला मॅक पत्ता वापरू शकतात. यादीत अनोळखी उपकरण दिसल्यास घाबरण्यापूर्वी ही शक्यता तपासावी.

त्यानंतरही पुढील गोष्टी दुर्लक्षू नयेत : कॅमेऱ्याने किंवा टीव्हीने पोर्ट २३ वर अनेक अनोळखी पत्त्यांशी जोडणी करणे; ईमेल सर्व्हर नसलेल्या यंत्राने पोर्ट २५ वरून सतत वाहतूक करणे; कोणी वापरात नसता मध्यरात्री मोठा अपलोड होणे; एकाच पत्त्याकडे ठरावीक अंतराने लहान पॅकेटे जाणे. शेवटचे लक्षण निरुपद्रवी अद्ययावतीकरणाचेही असते, म्हणून पत्ता कोणाचा हे आधी शोधावे.

या सावधगिरीला आधार आहे. २०१६ मधील मिराई या घातक प्रोग्रॅमने कारखान्यात घातलेले ठरावीक पासवर्ड वापरून घरगुती कॅमेरे व चित्रण-यंत्रे ताब्यात घेतली. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशा यंत्रांच्या माऱ्याने डिन या डीएनएस कंपनीची सेवा कोलमडली आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी संकेतस्थळे अनेकांना उघडेनात. यंत्रांच्या मालकांना बहुधा याचा पत्ताही नव्हता. २०१८ च्या मे महिन्यात व्हीपीएनफिल्टरने किमान पाच लाख उपकरणे बाधित केल्याचे उघड झाले. त्यांत प्रामुख्याने घरगुती व लहान कार्यालयांतील राउटर होते. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून जोडलेल्या ग्राहकोपयोगी उपकरणांना सरसकट सारखा, सहज ओळखता येणारा पासवर्ड देण्यास कायद्याने मनाई आहे.

दोष आढळल्यास

संशयित उपकरण प्रथम नेटवर्कपासून तोडावे. मिराईसारखे प्रोग्रॅम केवळ मेमरीत राहत असल्याने यंत्र बंद करून सुरू केल्यावर ते नाहीसे होतात. पण पासवर्ड तोच राहिला तर संसर्ग पुन्हा होऊ शकतो. म्हणून उपकरण कारखान्यातील स्थितीत आणावे, फर्मवेअर अद्ययावत करावे, नवा पासवर्ड ठेवावा आणि मगच जोडावे. राउटरवरील यूपीएनपी अनावश्यक असल्यास बंद करावे. कॅमेरे, टीव्ही व तत्सम वस्तू पाहुण्यांसाठीच्या स्वतंत्र वाय-फायवर ठेवाव्यात, म्हणजे त्यांतील एखादी बाधित झाली तरी कामाच्या संगणकापर्यंत पोहोचणे अवघड होते. निर्मात्याकडून अद्ययावतीकरण मिळणे थांबलेला राउटर बदलणे हाच उपाय.

कार्यालय, कुटुंब आणि संमती

कार्यालयाच्या लॅपटॉपवर परवानगीविना निरीक्षणाचा प्रोग्रॅम बसवू नये; बहुतेक संस्थांच्या नियमांत ते बसत नाही. तो लॅपटॉप व्हीपीएन वापरत असेल, तर राउटरला त्यातील कामाची वाहतूक एकाच सांकेतिक प्रवाहासारखी दिसते. आकारमान मोजावे आणि तेथेच थांबावे.

घरातील माणसांबाबतही मर्यादा आहे. पाय-होलच्या नोंदीतून कोणी कोणता आजार शोधला, कोणी कोठे नोकरी पाहिली, याचा अंदाज येऊ शकतो. घरी नोंद ठेवली जाते हे जोडीदाराला, मोठ्या मुलांना आणि भारतातून काही महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांनाही सांगावे. दुसऱ्याच्या संदेशांचा आशय संमतीविना टिपणे अनेक देशांत गुन्हा ठरू शकते. आकडे ठेवावेत, नावांच्या नोंदी थोड्या दिवसांत पुसाव्यात. पाय-होलमध्ये नोंदीचा तपशील कमी करण्याची सोय आहे.

एकदा घडी बसल्यावर महिन्यातून अर्धा तास पुरतो : उपकरणांची यादी ताडून पाहणे, सर्वाधिक अपलोड करणारी तीन उपकरणे तपासणे, राउटरचे फर्मवेअर पाहणे आणि वापरात नसलेले उपकरण काढून टाकणे.