किल्ली आणि कायदा

व्हिएतनामी भाषेत पत्नीला कौतुकाने ‘नोई तुओंग’ म्हणजे ‘घरातील सेनापती’ म्हणतात. घरच्या पेटीची किल्ली तिच्याकडे. भातलावणी आणि बाजारहाटही तिच्याच हाती. तरीही दीर्घ चिनी राजवटीत रुजलेली कन्फ्युशियसपंथीय शिकवण सांगे की, स्त्रीने बालपणी पित्याच्या, विवाहानंतर पतीच्या व वैधव्यात पुत्राच्या आज्ञेत राहावे. व्यवहारातील मान आणि शास्त्रातील बंधन यांची ही ओढाताण तेथील इतिहासात सतत दिसते.

पंधराव्या शतकातील ले घराण्याच्या विधिसंहितेने व्यवहाराची बाजू घेतली. पुत्र नसल्यास पितरांच्या पूजेसाठी राखलेली मालमत्ता ज्येष्ठ कन्येकडे जाई. पतीने पाच महिने पत्नीकडे पाठ फिरवली, तर अधिकाऱ्यांकडे दाद मागून तिला विवाहातून मुक्त होता येई. मुले असल्यास ही मुदत एक वर्षाची होती.

१६७० साली बिशप लॅम्बर्ट द ला मोत यांनी उत्तर व्हिएतनाममध्ये ‘क्रुसाच्या प्रेमिका’ हा धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. विवाहाखेरीज मानाने जगण्याची एक वाट त्यामुळे तेथील मुलींना लाभली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सम्राट जिया लाँग याने चीनच्या धर्तीवर नवी संहिता आणली आणि स्त्रियांचे जुने हक्क आक्रसले.

१९४६ च्या राज्यघटनेने स्त्री-पुरुषांना समान हक्क दिले. देश दुभंगल्यावर परस्परांचे वैरी असलेल्या उत्तर व दक्षिण या दोन्ही सरकारांनी १९५९ च्या कायद्यांनी बहुपत्नीत्वावर मात्र सारखीच बंदी घातली. पुरुष रणांगणावर गेले, तेव्हा १९६५ मध्ये उत्तरेत ‘तीन जबाबदाऱ्या’ ही चळवळ सुरू झाली. उत्पादन, घर आणि लढ्याला साह्य हे तिन्ही भार स्त्रियांनी उचलले. १९७३ च्या पॅरिस करारावर सह्या करणाऱ्या चार प्रतिनिधींत न्गुएन थी बिन्ह या एकमेव स्त्री होत्या.

१९७५ मध्ये युद्ध संपले, पुरुष परतले. घराचा भार मात्र बव्हंशी स्त्रीच्याच माथी राहिला. शेतात, कारखान्यात, कचेरीत ती पोहोचली. स्वयंपाकघरात पुरुष त्या वेगाने आला नाही. २०१४ च्या विवाह व कुटुंब कायद्यानुसार, दांपत्याची मालमत्ता वाटताना घरातील श्रम कमावत्या श्रमांसारखेच धरले जातात. संसार मोडताना जे मोल मोजले जाते, ते संसार चालू असतानाच ओळखले जावे, एवढीच त्या सेनापतीची अपेक्षा असणार.