ओबोलर, आर्च

(७ डिसेंबर १९०९–१९ मार्च १९८७). अमेरिकन नभोनाट्यलेखक, चित्रपट-दिग्दर्शक व निर्माते. रेडिओवरील भयनाट्याचे एक आद्य शिल्पकार. जन्म शिकागो येथे. विलिस कूपर यांनी १९३४ मध्ये सुरू केलेल्या ‘लाइट्स आउट’ या रात्रीच्या श्रुतिकामालेचे (पहा : नभोनाट्य) लेखन १९३६ पासून ओबोलर यांच्याकडे आले. पात्राच्या मनातील विचारप्रवाह ऐकवणारी स्वगते, तुटक वाक्ये आणि ध्वनिपरिणामांतून साकारणारे भय ही त्यांच्या लेखनाची वैशिष्ट्ये. सतत वाढत जाऊन जग व्यापणाऱ्या कोंबडीच्या हृदयावरील ‘चिकन हार्ट’ (१९३७) ही त्यांची सर्वपरिचित श्रुतिका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी नाझीविरोधी नभोनाट्ये लिहिली.

त्यांचा ‘फाइव्ह’ (१९५१) हा चित्रपट अणुसंहारातून वाचलेल्या पाच जणांवर असून त्याचे चित्रीकरण वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी ओबोलर यांच्यासाठी आखलेल्या वास्तूत झाले. त्यांचा ‘ब्वाना डेव्हिल’ (१९५२) हा पूर्ण लांबीचा पहिला रंगीत अमेरिकन त्रिमितीय चित्रपट; त्याच्या यशानंतर हॉलिवुडमध्ये त्रिमितीय चित्रपटांची लाट आली (पहा : त्रिमितीय चित्रपट). त्यांच्या ‘द बबल’ (१९६६) या त्रिमितीय चित्रपटात खोलीच्या आभासासाठी लागणाऱ्या, दोन्ही डोळ्यांसाठीच्या वेगवेगळ्या प्रतिमा एकाच फिल्मपट्टीवर घेतल्या गेल्या. त्यामुळे प्रदर्शनास एकच प्रक्षेपक पुरेसा ठरला. दृश्याविना केवळ ध्वनीतून भयनिर्मिती आणि पडद्यावर खोलीचा आभास, या दोन्ही तंत्रांच्या विकासात त्यांचे कार्य पायाभूत आहे.