तारकाचिन्ह आणि आठवा बिट

संगणकास आज्ञा देतांना शेंकडों फाइलींचीं नांवें एकेक करून लिहावीं लागूं नयेत, म्हणून तारकाचिन्हाची योजना झाली. तारका म्हणजे कोणतींही अक्षरें, कितीही. प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतेंही एकच अक्षर. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन, डेनिस रिची प्रभृतींनीं रचलेल्या युनिक्स प्रणालीच्या पहिल्या आवृत्तींतच, म्हणजे १९७१ सालीं, ही सोय होती.

आज्ञा वाचणारा जो 'शेल', तो हें काम त्या काळीं स्वतः करीत नसे. तारका दिसली कीं तो आज्ञा 'ग्लॉब' नांवाच्या निराळ्या प्रोग्रॅमच्या हवालीं करी. ग्लॉब जुळणारीं नांवें शोधून तारकेच्या जागीं क्रमानें मांडी, आणि मग मूळ आज्ञा चालवी. त्यामुळें फाइली पुसणाऱ्या 'आरएम'ला तारका दिसतच नाहीं. त्याच्या हातीं तयार यादी पडते. आजही तसेंच आहे. तारका आणि तिच्यापुढील अक्षरें यांमध्यें चुकून रिकामी जागा सुटली, तर त्या ठिकाणच्या बहुतेक सर्व फाइली नाहींशा होतात, आणि आरएम बिचारा निर्दोष!

पण कोणाला तारका अक्षरशः तारका म्हणूनच हवी असेल तर? तिच्या आधीं उलटी तिरपी रेघ द्यावी, किंवा तिला अवतरणचिन्हांत ठेवावें, असा नियम झाला. आतां अवतरणचिन्हें गळून पडल्यावर ही तारका साधी कीं विशेष, हें ग्लॉबला कळावें कसें? प्रत्येक अक्षराला आठ बिटांचें घर मिळे, आणि इंग्रजीचें काम सातांतच भागे. थॉम्प्सन यांच्या शेलनें त्या रिकाम्या आठव्या बिटावर खूण करून ही बातमी पोंचविली. १९७९ सालच्या सातव्या आवृत्तींत स्टीफन बोर्न यांच्या नव्या शेलनें ग्लॉबचें काम आपल्याच पोटांत घेतलें. युक्ति मात्र तीच राहिली.

युक्ति चतुर खरी, परंतु मजकूर इंग्रजींतच असणार हें तींत गृहीत धरलें होतें. फ्रेंच, जर्मन भाषांतील खास अक्षरांना आठवा बिट लागे; आणि १९९१ च्या 'इस्की' या भारतीय मानकांत तर देवनागरीची सारी वसाहत त्याच बाजूस. त्या जुन्या शेलच्या हातीं 'पुणें' हें नांव पडतें, तर त्यांतील प्रत्येक अक्षराचा आठवा बिट खूण समजून पुसला जाता, आणि उरतीं तीं भलतींच रोमन चिन्हें. ऐंशीच्या दशकांत नव्या शेलांनीं हा बिट मोकळा केला.

१९९२ सालीं रॉब पाइक यांच्यासह 'यूटीएफ-८' ही संकेतपद्धति रचली, ती याच थॉम्प्सन यांनीं. तींत देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हास तीन बाइट लागतात, आणि तिहींतही आठवा बिट लागलेला असतो.