वांदा : एक नाम आणि त्याची मुळे

जालन्याचा परिसर गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्या, चिकण जमिनीचा आहे. कुंडलिकेकाठच्या जुन्या जालन्यात कोणी ऑर्किड कुंडीतील अशा मातीत लावल्यास त्याची मुळे कुजणार, हे निश्चित. दख्खनच्या कोरड्या प्रदेशातही आंब्या-बाभळींवर वाढणारा वांदा मात्र मातीचा आश्रय मुळीच घेत नाही.

या वनस्पतीच्या नामातच एक जुना संभ्रम दडलेला आहे. अमरकोशात ‘वन्दा’ शब्दाला ‘वृक्षादनी’ आणि ‘वृक्षरुहा’ हे दोन्ही पर्याय आढळतात. वृक्ष खाणारी आणि वृक्षावर केवळ वाढणारी, म्हणजे आजच्या परिभाषेत बांडगूळ आणि अपिवनस्पती, यांतील भेद तेथे पुसला गेला आहे. विल्यम जोन्स यांनी हाच शब्द स्वीकारला (त्यांचा लेख मृत्यूनंतर, १७९५ साली प्रसिद्ध झाला) आणि रॉबर्ट ब्राउन यांनी १८२० मध्ये त्यास शास्त्रीय प्रजातिनामाची प्रतिष्ठा दिली.

इंग्लंडातील माळ्यांनाही हा भेद नीट उमगला नव्हता. वृक्षावरील रोपे ते घट्ट भरलेल्या कुंड्यांत लावीत आणि ती मरत. वांद्याच्या मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. ते पाणी क्षणात शोषते, पण नंतर त्यास वारा मिळावा लागतो. सतत ओले राहिल्यास आतील जिवंत ऊती गुदमरते. हा शरीरव्यापार स्पष्ट होण्यापूर्वीच, १८१७ च्या सुमारास, जोसेफ बॅंक्स यांनी काटक्यांच्या टांगत्या टोपल्यांत शेवाळ व थोडा पालापाचोळा घालून ही रोपे जगविली. मुळे टोपलीच्या फटींतून मोकळी बाहेर पडत. ब्राउन हे या बॅंक्स यांचेच ग्रंथपाल होते, ही गोष्टही लक्षणीय होय.

तथापि हा धडा टिकला नाही. १८३० मध्ये जॉन लिंडली यांनी तीव्र उष्णता, दाट सावली व अतिशय दमटपणा यांचा पुरस्कार केला. त्यांच्या विद्वत्तेविषयी शंका नाही. परंतु या उपदेशाने रोपांची हानीच अधिक झाली, असे म्हणावे लागते. पुढे चॅट्सवर्थ येथे जोसेफ पॅक्स्टन यांनी खेळती हवा आणि पाण्याचा निचरा यांवर भर दिला, तेव्हा कोठे मुळांना मोकळा श्वास मिळाला.

आज कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणे हीच द्रव्ये वापरली जातात. वांद्यास तर पुष्कळदा लाकडी पट्ट्यांची जवळजवळ रिकामी टोपली पुरते.