चांदबीबी महालाच्या कमानी, उलटी साखळी आणि संगणक

अहिल्यानगरच्या पूर्वेस शहाडोंगराच्या माथ्यावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत आहे. लोक तिला चांदबीबी महाल म्हणतात. वस्तुतः ती निजामशाहीचा वजीर दुसरा सलाबतखान याची कबर. नगरजवळच्या फराहबागेतील महाल पूर्ण झाला तो १५८३ साली, म्हणजे त्याच काळात. दोन्ही वास्तूंचा भार कमानींवर आहे, आणि त्या बांधणाऱ्या गवंड्यांजवळ बलांचे गणित नव्हते. (१/८)

दगड दाब सोसतो, ओढ सोसत नाही. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर रेलतो आणि वरचे ओझे तिरक्या वाटेने दोन्ही पायांकडे जाते. पाय मात्र बाहेर फाकू पाहतात. त्या काळच्या इमारतींच्या भिंती एवढ्या जाड का, याचे एक उत्तर या आडव्या रेट्यात आहे. (२/८)

ही वाट कशी ओळखावी? १६७५ मध्ये रॉबर्ट हूकने एका लॅटिन कोड्यात उत्तर दडवून ठेवले. ते उघड झाले त्याच्या मृत्यूनंतर. लोंबकळणारी साखळी केवळ ओढीवर तोलून राहते. तोच आकार उलटा केला, की तो केवळ दाबावर उभा राहतो. ही उलटी रेषा दगडांच्या जाडीत सामावली, तर कमान उभी राहू शकते. (३/८)

या कल्पनेची मोठी कसोटी लागली रोममध्ये. सेंट पीटरच्या घुमटाला भेगा पडल्या, तेव्हा १७४३ च्या सुमारास जोव्हान्नी पोलेनीने साखळीला घुमटाच्या भागांच्या प्रमाणात वजने टांगली. रेषा घुमटाच्या जाडीतच राहिली. भेगा प्राणघातक नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. तरीही त्याने घुमटाभोवती आणखी लोखंडी कडी आवळायला सुचवले आणि ती बसवण्यातही आली. आधी प्रतिमान, मग मजबुतीकरण हा क्रम संगणकाच्या दोनशे वर्षे आधीचा आहे. (४/८)

१९६६ मध्ये केंब्रिजच्या जॅक हेमन यांनी याला काटेकोर सिद्धान्ताचे रूप दिले. कमान सहसा दगड चुरडून पडत नाही. सांधे आळीपाळीने वर-खाली उघडतात, प्रत्येक उघडलेला सांधा बिजागरीसारखा वागतो आणि अशा चार बिजागऱ्या झाल्या की कमान दुमडते. एखादी भेग म्हणजे संकट नव्हे. पुष्कळदा ती पाये किंचित सरकल्यावर कमानीने केलेली तडजोड असते. भेग दिसताच सिमेंटने बुजवण्याची आपल्याकडची घाई यामुळेच खटकते. (५/८)

संगणकाने पुढे काय केले? पीटर कंडाल यांनी १९७१ मध्ये फुटलेल्या खडकांसाठी एक पद्धत मांडली : प्रत्येक ठोकळा वेगळा धरायचा आणि त्यांचे एकमेकांवर टेकणे, घसरणे, सुटणे क्षणाक्षणाने मोजायचे. दगडी बांधकामाला ती चपखल बसली. विसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये जुन्या कमान-पुलांना वरून भोके पाडून आत पोलादी सळया बसवू लागले, तेव्हा सळई कुठे आणि किती हवी हे अशा प्रतिमानांवरून ठरवले गेले. जिथे सांधा उघडणार तिथे सळई. इतरत्र ती निव्वळ खर्च. पूर्ण आकाराच्या कमानी मोडेपर्यंत भार देऊन हे हिशेब पडताळलेही गेले. (६/८)

पण प्रतिमानाला कळते ते त्याला सांगितले तेवढेच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला. दोन एस. टी. बसेस आणि इतर वाहनांतील माणसे वाहून गेली. पुरात अशा पुलांचा घात पुष्कळदा पाण्याखाली होतो : प्रवाह खांबाभोवतीचा तळ खरवडतो, खांब खचतो आणि निर्दोष कमानही सोबत जाते. पाये अढळ धरून केलेल्या हिशेबात ही शक्यता येतच नाही. (७/८)

नगरच्या कमानींवर पूर नाही, मालमोटारी नाहीत. तिथला शत्रू संथ आहे. सांध्यांतला चुना पावसाने धुऊन जातो, फटींत पिंपळ रुजतो. अशा वास्तूचे प्रतिमान करायचे, तर आधी दर्शनी दगडांमागे काय भरले आहे, चुना कितपत शाबूत आहे, पाये किती कललेत हे मोजावे लागते. ते आकडे नसतील, तर पडद्यावर दिसणारी कमान कुठलीतरी दुसरीच असते. (८/८)